नाथसागरावरच्या शिकाऱ्यांची नोंदवही

गेल्या पौषातली गोष्ट. नगरहून पहाटेच्या एस.टी.ने निघून मी आणि माझ्या वर्गातले दोन विद्यार्थी प्रवरासंगमाला उतरलो. सिद्धेश्वराचे दर्शन घेतले आणि काठाकाठाने बरेच अंतर चालत गेलो. उन्हे नुकती वर येत होती. समोरच्या पाण्यावर वारकऱ्यांचा मोठा थवा विसावला होता. वारकरी हे एका पाणपक्ष्याचे नाव आहे. त्याच्या काळ्याशार अंगावर कपाळीचा पांढरा टिळा तेवढा उठून दिसतो, म्हणून आपल्या लोकांनी त्याला हे नाव दिले असावे. कोणी त्याला चांदवाही म्हणतात.

एकाएकी तो विखुरलेला थवा आक्रसला. शे-दोनशे पक्षी पाहता पाहता एकमेकांना येऊन भिडले आणि पायांनी पाणी उडवू लागले. कारण लवकरच दिसले. पंख किंचित वर उचलून धरलेला एक तपकिरी पक्षी पाण्यावरून पुरुषभर उंचीने सावकाश येत होता. हा दलदली भोवत्या. हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्याकडे येणारा आणि पाणथळीवर भोवंडत राहून शिकार करणारा हा पक्षी. तो थव्यावरून एकदा गेला, वळला, पुन्हा आला. कडेला एकटा पडलेला वारकरी हेरून त्याने पाय सोडले. पाणी उसळले, वारकऱ्याने बुडी मारली आणि भोवत्या रिकाम्या पायांनी वर उठला. सव्वा तासात त्याचे असे अकरा प्रयत्न आम्ही मोजले. एकही साधला नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याने गंभीरपणे विचारले, "सर, हा तर निव्वळ तोट्यातला धंदा झाला. मग तो तो करतो कशाला?"

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला याहून चांगला प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्या वेळी मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे. तो करताना आपल्या जिल्ह्याच्या उंबऱ्यावर असलेल्या एका मोठ्या संपत्तीचा हिशेब आपण किती अपुरा ठेवतो, हेही सांगावे लागणार आहे.

वर्षातून एकदा येणारी ओहोटी

शिकारी पक्षी पाहायचे तर खाडीवर जावे, असे कोकणातले मित्र सांगतात आणि ते खरेच आहे. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा ओसरते. उघड्या पडलेल्या चिखलात किडे, खेकडे आणि शिंपले असतात. ते टिपायला तुतारी, चिलखे असे लहान पक्षी थव्याने उतरतात, आणि त्या थव्यांच्या मागावर बहिरी ससाणा येतो. उथळ पाण्यात सापडलेल्या माशांवर मासेमार घार झेप घेते. ओहोटीची रेषा जिकडे सरकते तिकडे भक्ष्य सरकते आणि त्याच्यामागे भक्षक. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली, ती अशाच चिखलाच्या समृद्धीमुळे.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु ओहोटी आहे, आणि ती वर्षातून एकदाच येते. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाची भिंत पलीकडच्या जिल्ह्यात असली तरी नाथसागराचे पाणी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत दूरवर पसरले आहे. जलाशयाचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर आणि एकूण साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार करून पाहिला, तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटरांच्या आसपास निघते. हे सरोवर ताटासारखे उथळ आहे. म्हणूनच पातळी हातभर उतरली की काठावर विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. भाद्रपद-आश्विनात भरलेले हे ताट कार्तिकापासून हळूहळू रिते होऊ लागते आणि वैशाखापर्यंत ओहोटी चालूच असते.

योगायोग असा की, हीच वेळ उत्तरेकडच्या पाहुण्यांची असते. भुवई बदके, तलवार बदके, थापटे, चक्रवाक यांचे थवे येतात. ओल्या काठावर शेकाटे आणि तुतारी फिरू लागतात. त्यांच्या पाठोपाठ भोवत्या येतो, ससाणा येतो, मासेमार घार येते. हे सारे ध्यानी घेऊनच १९८६ साली या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा देण्यात आला.

मासेमार घारीची शिकार एकदा पाहावी अशीच असते. इंग्रजीत हिला ऑस्प्रे म्हणतात. पाण्यावर तीस-चाळीस हात उंचीवर ती पंख फडफडवीत एका जागी थबकते, नेम धरते आणि पाय पुढे करून पाण्यात कोसळते. क्षणभर ती दिसेनाशी होते. मग जड पंखांनी वर येते, अंग झटकते आणि माशाचे डोके वाऱ्याकडे करून त्याला नीट लांबट धरते. तिच्या पायाचे बाहेरचे बोट मागे वळू शकते आणि तळव्यावर काटेरी खवले असतात. निसटता मासा धरायला निसर्गाने तिला ही अवजारे दिली आहेत. ती फार खोल बुडी मारू शकत नाही. मासा वरच्या हातभर पाण्यात आला तरच तो तिच्या हाती लागतो, म्हणून उथळ काठावर तिचा संसार अवलंबून असतो.

एवढे करून मिळविलेला मासा तिच्या मुखी पडेलच असेही नाही. साध्या घारी आणि ब्राह्मणी घारी हे सारे दुरून पाहत बसलेल्या असतात. मासा वर आला की त्या तिचा पाठलाग करतात, आणि पुष्कळदा तिला तो टाकून द्यावा लागतो. बाजार समितीच्या आवारात ज्यांनी आपला कांदा विकला आहे, त्या वाचकांना हे दृश्य अगदीच अनोळखी वाटणार नाही.

मामांचे उत्तर

माझ्या आईचे माहेर शेवगाव तालुक्यात, गोदाकाठी होते. ते गाव माझ्या जन्माच्या आधीच धरणात गेले. मामांना मोबदला मिळाला, दुसरीकडे जमीनही मिळाली. परंतु गोदेच्या गाळाच्या जमिनीशी तिची बरोबरी होणार कशी? पाणी उतरले की मामा आजही आपल्या जुन्या शिवाराकडे जातात. कमी पावसाच्या वर्षी त्यांच्या विहिरीचा कठडा उघडा पडतो. त्यावर बसून ते तंबाखू मळतात आणि मग गाळपेरीला लागतात. ओसरत्या पाण्यामागे उघड्या पडलेल्या सरकारी जमिनीत एका हंगामापुरते जे पीक घेतले जाते, ती गाळपेर. हरभरा, गहू, चारा, काही ठिकाणी कलिंगडे असे पीक तेथे घेतात. पाणी लवकर परतले तर पीक बुडते. उशिरा उतरले तर पेरणीची वेळ टळते.

परतीच्या वाटेवर त्यांच्याकडे मुक्काम केला, तेव्हा भोवत्याची हकीकत त्यांना सांगितली. अकरा वेळा हुकला म्हणून सांगितले. मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अकरा डाव हुकला तरी बाराव्याला जातोय ना? मग खाली काहीतरी भरपूर असल्याशिवाय नाय जायचा तो. नसतं तर कवाच ठिकाण सोडलं असतं त्यानं."

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला हेच उत्तर होते. शिकारी पक्षी बहुतेक वेळा हुकतात. हुकणे परवडते ते भक्ष्याची रेलचेल असेल तोपर्यंतच. विपुलता ओसरली की प्रत्येक झेपेचा खर्च वाढत जातो आणि शिकारी दुसरा मुलूख गाठतो किंवा मरतो. अमेरिकन शास्त्रज्ञ लिंडेमन यांनी १९४२ साली एका सरोवराच्या अभ्यासातून दाखवून दिले की, अन्नसाखळीच्या एका पायरीवरून वरच्या पायरीवर ऊर्जेचा लहानसा हिस्सा, ढोबळमानाने दहावा भाग, तेवढा पोचतो. पाणवनस्पतीवरून किड्याकडे, किड्यावरून माशाकडे, माशावरून घारीकडे. प्रत्येक पायरीला नऊ भाग गळून जातात. काठावरच्या एका घारीमागे चिखलाचे आणि पाण्याचे केवढे मोठे उत्पन्न उभे असते, याची कल्पना यावरून यावी. आपण महागाई मोजण्यासाठी निर्देशांक काढतो, कारण प्रत्येक वस्तूची किंमत रोज मोजणे अशक्य असते. शिकारी पक्षी हा पाणथळीचा तसाच निर्देशांक आहे.

कारकुनांच्या वह्या

ही उपमा माझ्या पदरची नाही. तिला इतिहासाचा आधार आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली होती. दान्कोना नावाच्या इटालियन प्राणिशास्त्रज्ञाने ट्रिएस्ट, फ्यूमे आणि व्हेनिस येथील मासळीबाजारांचे जुने आकडे चाळले, तेव्हा एक विचित्र गोष्ट त्याच्या नजरेस आली. युद्धाच्या वर्षांत पकडलेल्या मासळीत मुशीसारख्या भक्षक माशांचे प्रमाण वाढले होते. त्याने हे कोडे व्होल्तेरा या थोर गणितज्ञापुढे ठेवले. व्होल्तेराने १९२६ साली त्याची जी समीकरणे मांडली, ती भक्ष्य आणि भक्षक यांच्या संख्याशास्त्राचा पाया ठरली. समुद्राला माणसाच्या जाळ्यांपासून उसंत मिळाली, आणि तिचा लाभ सर्वांत ठळकपणे भक्षकांच्या आकड्यांत दिसला. या शोधाचे पहिले श्रेय, मला वाटते, त्या बाजारांतल्या अनामिक कारकुनांना द्यायला हवे. युद्ध चालू असतानाही त्यांनी जातवार नोंदी लिहिण्याचे काम सोडले नाही.

दुसरे उदाहरण बहिरी ससाण्याचे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत या पक्ष्याची संख्या झपाट्याने घटू लागली. इंग्लंडमधील रॅटक्लिफ यांनी संग्राहकांच्या पेट्यांत जपलेली जुनी अंडी आणि नवी अंडी यांची तुलना केली. नव्या अंड्यांचे कवच पातळ झाले होते, आणि हा बदल डी.डी.टी.चा प्रसार ज्या काळात झाला त्याच काळात घडला होता. १९६७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेतात फवारलेले विष किड्यात, किड्यातून लहान पक्ष्यात आणि तेथून ससाण्याच्या शरीरात साठत, दर पायरीला दाट होत गेले होते. अमेरिकेने १९७२ साली डी.डी.टी.च्या वापरावर बंदी घातली, आणि १९९९ साली तेथे ससाण्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढता आले. जुन्या अंड्यांची नोंद नसती, तर नवे अंडे पातळ आहे हे कोणाला कळले असते?

तिसरे उदाहरण आपल्याच घरचे आणि सर्वांत दुःखद आहे. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडे उतरत. आजच्या विद्यार्थ्यांनी गिधाड चित्रात पाहिले आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि १९९० नंतरच्या दीड दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांसाठी या औषधाच्या वापरावर २००६ साली बंदी आली. पुढे फ्रँक आणि सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, एरवी गिधाडांना अनुकूल असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदरांची तुलना केली. त्यांचा निबंध २०२४ साली प्रसिद्ध झाला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसांचे जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. सडत राहिलेली जनावरे, दूषित पाणी आणि माजलेली भटकी कुत्री ही त्याची कारणे. गिधाडाची किंमत आम्हां अर्थशास्त्रज्ञांना समजली, ती गिधाडे गेल्यानंतर वीस वर्षांनी.

आपण काय मोजतो?

आता नाथसागराकडे परत येऊ. या जलाशयाइतका मोजला जाणारा जलाशय महाराष्ट्रात दुसरा नसेल. पावसाळ्यात त्याची टक्केवारी रोज वृत्तपत्रांत छापून येते. २००५ सालच्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली दिलेल्या आदेशात, १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे असे ठरले, आणि तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात त्या तारखेची वाट एखाद्या परीक्षेच्या निकालासारखी पाहिली जाते. मुळा-भंडारदऱ्याच्या लाभक्षेत्रातला शेतकरी आणि शेवगाव-नेवाशाच्या काठावरचा शेतकरी एकाच जिल्ह्याचे नागरिक असून या आकड्याकडे उलट बाजूंनी पाहतात. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत साठा मृत पातळीच्या खाली गेला होता, हे कोणी विसरलेले नाही. पाण्याचा थेंब न् थेंब मोजला जातो आणि मोजलाच पाहिजे.

पाण्याच्या काठाचा हिशेब मात्र कोणाच्याही वहीत नाही. त्या काठावर गाळपेर करणाऱ्याचा हक्क आहे, मासेमाराचा आहे, उपसा करणाऱ्या मोटारींचा आहे आणि कागदावर अभयारण्याचाही आहे. गाळपेरीच्या पिकावर फवारलेले कीटकनाशक पुढच्या पावसाळ्यात पाण्याखाली जाते. तेच पाणी नळावाटे छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांत जाते. अर्थात शिकारी पक्ष्यांचा प्रश्न तेवढ्यापुरता माणसांचाही प्रश्न आहे. अलीकडे जलाशयावर तरंगती सौर पॅनेले बसविण्याची योजना पुढे आली आहे. विजेची गरज खोटी नाही; पण कोणता भाग झाकावा आणि कोणता मोकळा ठेवावा हे ठरवायला, कोणत्या भागात जीवन किती दाट आहे हे आधी माहीत असायला नको काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणसे पाण्यासाठी भांडत असताना पक्षी मोजण्याची चैन कोणाला परवडणार? माझे मामा एकदा गमतीने म्हणाले होते, "आमचं गाव बुडालं तेव्हा कोणी मोजायला आलं नव्हतं." या वाक्यातला डंख मी विसरलेलो नाही. धरणग्रस्ताला गाळपेरीतून उठवून पक्ष्यांना जागा करून द्या, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि तसे मी म्हणतही नाही. एकदा ज्याने सर्वांसाठी झीज सोसली, त्यालाच पुन्हा झीज सोसायला सांगणे हा न्याय नव्हे. पाण्यालगतचा काही पट्टा पेरणीवाचून आणि फवारणीवाचून मोकळा ठेवायचा असेल, तर तेवढ्या हंगामाची भरपाई गाळपेरकऱ्याला मिळाली पाहिजे. तिचा खर्च ज्यांना या पाण्याचा लाभ होतो त्या शहरांनी आणि कारखान्यांनी उचलावा. आणि हा पट्टा कोठे व किती असावा, हे नोंदींवाचून ठरणार नाही. येथे माझ्या विनंतीला सुरुवात होते.

एका सकाळची नोंद

पाणपक्ष्यांची गणना होतच नाही असे नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत असते आणि नाथसागरावरही हौशी अभ्यासक व वन खाते पक्षी मोजतात. त्या कामाचे मोल मोठे आहे. परंतु अशा गणनेत साहजिकच लक्ष थव्यांकडे जाते. हजारो बदकांच्या बेरजेत तीन भोवत्ये आणि एक मासेमार घार यांची कोणी दखल घेत नाही. शिकाऱ्याने किती झेपा घेतल्या, किती साधल्या आणि त्या दिवशी पाणी कोणत्या पातळीला होते, ही तीन आकड्यांची नोंद वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवली गेली, तर काठाची प्रकृती त्यातून कळू शकेल. झेपा वाढत गेल्या आणि यश घटत गेले, तर खाली काही बिघडते आहे हे आपल्याला मासळी कमी होण्याच्या आधी समजेल.

या कामाला मोठा निधी लागत नाही. नेवासे, शेवगाव, पैठण, गंगापूर या काठावरच्या तालुक्यांतील महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. एक दुर्बीण, एक घड्याळ आणि एक वही एवढे साहित्य पुरे. कार्तिक ते फाल्गुन, दर पंधरा दिवसांनी एक सकाळ, तीच जागा आणि तीच वेळ. त्या दिवशीची पाणीपातळी पाटबंधारे खात्याच्या आकड्यांत तयारच असते. संख्याशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यांना काल्पनिक उदाहरणे घालण्यापेक्षा हे आकडे दिलेले काय वाईट? ज्या शिक्षकबंधूंना पक्ष्यांची ओळख नाही त्यांनी संकोच करू नये. मलाही चार वर्षांपूर्वी घार आणि भोवत्या यांतला फरक कळत नव्हता.

आमच्या वहीत सध्या एकाच सकाळची नोंद आहे: दलदली भोवत्या एक, झेपा अकरा, यश शून्य. एका नोंदीवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवितो. येत्या कार्तिकात आम्ही तिघे पुन्हा त्याच जागी जाऊन बसणार आहोत. पैठणच्या बाजूने, शेवगावच्या बाजूने आणखी कोणी आपापल्या काठावर बसले, तर दहा वर्षांनी त्या वह्या एकत्र मांडता येतील. मामांनी यंदा आपल्या विहिरीच्या कठड्यावर आम्हांला जागा देऊ केली आहे. पाणी तेवढे उतरले तर.